मिनिट्स कोण लिहिणार?

राजकारणावर बोलणं आणि राजकारण करणं यात जेवढं अंतर आहे ना, साधारण तेवढंच अंतर स्वतःला सुधारण्याबद्दल वाचणं आणि खरंच सुधारणं यात आहे, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे आपण एकाच पद्धतीने गंडतो. रात्री तासभर डिबेट बघितली, अँकरवर चिडलो, दोन फॉरवर्ड ढकलले, कुणाला तरी कमेंटमध्ये झापलं, की झोपताना वाटतं आज देशासाठी जरा घाम गाळला. सकाळी चालताना कानात पॉडकास्ट, कोणी एक अब्जाधीश पहाटे चारला उठून बर्फाच्या पाण्यात बसतो म्हणे, ते ऐकलं की आपल्यालाच एकदम ताजंतवानं वाटायला लागतं. पाणी त्याचं, हुडहुडी आपली.

हे टोमण्यासारखं वाटेल पण मी स्वतः दोन्हीची चांगली जुनी गिऱ्हाईक आहे. आणि मला वाटतं दोन्हीच्या मुळाशी भूक एकच आहे, आपल्या असण्याने कुठेतरी काहीतरी हलावं ही. देश एवढा मोठा, प्रश्न एवढे मोठे, आपण घसा फोडून ओरडलो तरी कुणाच्या कानावरची माशी उडत नाही, मग माणूस दमतो आणि म्हणतो जाऊ दे बाबा, निदान स्वतःला तरी बदलू, ते तर आपल्या हातात आहे. निवडणुकीचा निकाल लागला की माझ्या ओळखीतले हरलेल्या बाजूचे निम्मे लोक न्यूज बघणं बंद करतात आणि ध्यानाचं अ‍ॅप डाउनलोड करतात (जिंकलेल्यांना अ‍ॅप लागत नाही, त्यांची मनःशांती आपोआप साधलेली असते). काही महिन्यांनी ध्यानाचा कंटाळा येतो, मग परत न्यूज. देशाला वैतागलो की स्वतःकडे, स्वतःला कंटाळलो की देशाकडे, अशा नुसत्या येरझाऱ्या चालू असतात.

देशाच्या बाजूचं गणित अँथनी डाउन्स नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1957 सालीच मांडून ठेवलंय. एका माणसाच्या मताने निकाल फिरायची शक्यता इतकी नगण्य असते की निव्वळ फायद्या-तोट्याचा हिशोब केला तर रांगेत उभं राहायचा वेळसुद्धा वसूल होत नाही, आणि त्याच हिशोबाने राजकारणाची नीट, खोलात माहिती काढणंही कुणाला परवडत नाही. तरी कोट्यवधी लोक मत देतात, आणि अभ्यासक त्यावर अजून डोकं खाजवतायत. मला तरी त्यात मोठं कोडं वाटत नाही. यादीत आपलं नाव असतं, आपल्याला विचारलेलं असतं, म्हणून माणूस जातो. विचारलं जाणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि एरवी वर्षानुवर्षं आपल्याला कुणी काही विचारत नाही, सगळे सांगतच असतात.

स्वतःला सुधारायच्या बाजूचं गणित त्याहून मजेशीर आहे. रोज दहा हजार पावलं चाला, हे आता जणू वैद्यकशास्त्राने खडकावर कोरून ठेवलंय असं सगळे सांगतात. तो आकडा आला कुठून, तर 1965 साली जपानमध्ये एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. टोकियो ऑलिंपिक आदल्याच वर्षी झालेली, लोकांच्या अंगात व्यायाम शिरलेला, आकडा गोल आणि लक्षात राहणारा, झालं. पुढे 2019 साली वयस्कर बायकांवर झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबतो. म्हणजे चालणं उत्तमच, पण शेवटच्या अडीच हजार पावलांसाठी जे लोक रात्री हॉलमध्ये सोफ्याभोवती घिरट्या घालतात त्यांना कुणीतरी सांगा की बसा आता. तसंच ते एकवीस दिवसांत सवय लागते वालं. मॅक्सवेल मॉल्ट्झ म्हणून प्लास्टिक सर्जन होता, त्याने 1960 साली लिहिलं की ऑपरेशननंतर आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान एकवीस दिवस लागतात. त्यातलं 'किमान' वाटेत कुठेतरी गळून पडलं, चेहराही गळून पडला, उरले एकवीस दिवस. लंडनमध्ये 2009 साली 96 लोकांवर खरोखरचा अभ्यास झाला तेव्हा सरासरी निघाली 66 दिवस, आणि माणसामाणसातला फरक 18 पासून 254 पर्यंत. त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट सापडली जी मला सगळ्यात आवडते, ती म्हणजे मधे एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात विशेष काही बिघडत नाही.

हे कुठलंही अ‍ॅप तुम्हाला ठळक अक्षरात सांगणार नाही, कारण त्यांचा सगळा धंदा स्ट्रीकवर, म्हणजे एकही दिवस न चुकवता किती दिवस झाले त्या मोजणीवर. माझ्या एका मैत्रिणीचे वडील हॉस्पिटलमध्ये होते, आम्ही रात्री बाहेर कॉरिडॉरमध्ये त्या जोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेलो, बारा वाजायला आलेले, आणि ती मान खाली घालून मोबाईलवर परदेशी भाषेचा धडा पूर्ण करत होती, 'मुलगा सफरचंद खातो' टाइपची वाक्यं, आवाज बंद करून. माझी नजर गेली तशी म्हणाली, स्ट्रीक तुटेल गं. त्या क्षणी मला हसू येणार होतं पण आलं नाही. आत डॉक्टर काय ते बघत होते, तिथे तिला काही म्हणजे काही करता येत नव्हतं, आणि हातातली ती हिरवी पट्टी तेवढी तिने बोट लावलं की पुढे सरकत होती. या अ‍ॅपांना मी कितीही नावं ठेवली तरी त्यांनी माणसाची नेमकी कुठली नस पकडलीय ते त्या दिवशी कळलं.

या सगळ्या मोजमापाचा मूळपुरुष म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन, तोच तो पतंग आणि विजेवाला. विशीत असताना त्याने चांगल्या गुणांची यादी केली आणि एक छोटी वही आखली, उभे सात रकाने वारांचे, आडव्या ओळी गुणांच्या, आणि ज्या दिवशी ज्या गुणात घसरलो तिथे काळा ठिपका. एका आठवड्याला एक गुण मुख्य, 13 आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. जुने ठिपके खरवडून खरवडून वहीला भोकं पडायला लागली म्हणून मग त्याने हस्तिदंताच्या पानांची वही घेतली, शिसपेन्सिलीने ठिपके द्यायचे आणि फेरी संपली की ओल्या स्पंजने पुसायचे. व्यवस्थितपणा हा गुण त्याला शेवटपर्यंत जमला नाही, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, त्यामुळे माणूस एकदम जवळचा वाटायला लागतो.

पण खरी मजा तेराव्या गुणात आहे. यादी आधी बाराचीच होती. मग त्याच्या एका क्वेकर पंथाच्या मित्राने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की तुला लोक गर्विष्ठ म्हणतात, वादात नुसतं बरोबर असून तुझं भागत नाही, समोरच्याला चेचल्याशिवाय तू थांबत नाहीस. म्हणून यादीत नम्रता आली. त्याने काय केलं, तर 'नक्कीच', 'निःसंशय' असे शब्द तोंडातून काढायचेच बंद केले आणि 'सध्या तरी मला असं वाटतं' म्हणायला लागला. आतून नम्र झालो असा त्याचा अजिबात दावा नव्हता, बोलण्यापुरता तरी झालो एवढंच म्हणतो. आणि पुढे म्हणतो की मी वक्ता म्हणून सुमार, शब्द अडखळायचे, तरी सभेत माझं म्हणणं चालायचं ते या सवयीमुळे.

म्हणजे बघा, त्या वहीचा उपयोग सभेत होत होता. 1727 मध्ये त्याने ओळखीच्या लोकांचा एक गट काढला होता, जंटो नावाचा, त्यात काचकाम करणारा, जमीन मोजणारा, चांभार असे हाताने काम करणारे लोक, दर शुक्रवारी संध्याकाळी बसायचे, वाद घालायचे, आणि फार ठासून बोललं की चक्क दंड. त्या बैठकांतूनच 1731 साली वर्गणीचं वाचनालय निघालं आणि 1736 मध्ये आग विझवणारी कंपनी, म्हणजे सभासदांनी घरी चामड्याच्या बादल्या आणि पिशव्या तयार ठेवायच्या आणि कुणाच्याही घराला आग लागली की धावायचं. (हाच माणूस गुलाम बाळगून होता, हेही सांगायला पाहिजे. तेरा गुणांच्या वहीत त्याला रकाना नव्हता. म्हातारपणी, 1787 मध्ये, तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि मरायच्या काही आठवडे आधी त्या संस्थेतर्फे अमेरिकेच्या काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, अर्ज केला. वही कितीही बारकाईने आखा, आपल्या काळाचं आंधळेपण तिच्यात बसत नाही, ते दुसऱ्यांनीच दाखवावं लागतं.)

आजच्या सेल्फ-हेल्पवाल्यांनी काय केलं तर वही ठेवली आणि शुक्रवारची बैठक काढून टाकली. मार्कस ऑरेलियसचंही तेच. रील्सवर त्याची वाक्यं फिरत असतात, आपल्या हातात आहे त्यावरच लक्ष द्या वगैरे, मागे पाऊस आणि पियानो, पण हा बाबा रोमचा सम्राट होता, डॅन्यूब नदीकाठच्या लष्करी छावणीत तो स्वतःला टिपणं लिहायचा आणि एरवी लोकांचे खटले ऐकत बसायचा. सकाळी पांघरुणातून बाहेर यायला त्याचंही मन घ्यायचं नाही, पण तो मनाची समजूत घालायचा ती कामावर जाण्यासाठी. काम काढून टाकलं की उरतो पियानो.

आपल्याकडे हा विषय शाळेतच आटपतो. आगरकर म्हणाले आधी समाजसुधारणा, टिळक म्हणाले आधी स्वातंत्र्य, दोन कॉलम करा आणि फरक स्पष्ट करा, पाच मार्क. मीही त्यात बरीच वर्षं कुठलीतरी एक बाजू घेऊन वाद घातलेत. आता वाद कोण जिंकलं यापेक्षा मला वेगळंच काहीतरी लक्षात राहतं. हे दोघे 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र होते. एकत्र शाळा चालवत होते, 'केसरी' एकत्र चालवत होते, आगरकर त्याचे पहिले संपादक, 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघालं त्यातही दोघं. 1887 ला आगरकरांनी 'केसरी' सोडला, 1888 ला स्वतःचं 'सुधारक' काढलं, पुढे टिळकांनीही शाळा-कॉलेज चालवणारी ती संस्था सोडली, कडवटपणा भरपूर आला, ते काही गोड करून सांगायची गरज नाही. पण मधली ती काही वर्षं त्यांची मतं जुळत नव्हती आणि उद्या सकाळी तास मात्र घ्यायचे होते. हातात काहीतरी समाईक असताना झालेलं भांडण आणि नुसतंच भांडण, या दोन्हीची जातच वेगळी.

आता आमच्या सोसायटीच्या मीटिंगबद्दल सांगते, कारण हे सगळं मला पुस्तकातून कळलेलं नाही. सेक्रेटरी कोण होणार हा विषय आला. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर देशाने परराष्ट्र धोरणात काय करायला हवं यावर रात्रीत शंभर मेसेज पडतात, आणि टाकी साफ करायची आहे कोण थांबेल विचारलं की दोन अंगठे. तर सेक्रेटरीचं नाव निघाल्याबरोबर सगळे एकदम मोबाईलमध्ये शिरले, एकाला अर्जंट कॉल आला, एकाचा बीपी. शेवटी कुणीतरी वैतागून म्हणालं चिठ्ठ्या टाका. माझी निघाली.

मी घरी येऊन चरफडत होते आणि मग आठवलं की अथेन्समध्ये हे असंच चालायचं, आणि नाइलाज म्हणून नव्हे, तीच त्यांची पद्धत. पाचशे जणांची कौन्सिल, दरवर्षी चिठ्ठीने निवडलेली, आयुष्यात जास्तीत जास्त दोनदा. चिठ्ठ्यांत गडबड होऊ नये म्हणून ज्यूरी निवडायला तर खाचा पाडलेला एक दगड होता, खाचांमध्ये लोकांच्या नावाच्या पट्ट्या खोचायच्या आणि बाजूच्या नळीतून काळे-पांढरे गोळे सोडायचे. निवडणुका घेतल्या की पैसेवाले आणि बोलबच्चनच निवडून येतात असं त्यांना वाटायचं (बायका, गुलाम आणि बाहेरून आलेले यात कुठेच नव्हते, म्हणजे मी तर चिठ्ठीतही नसते). अॅरिस्टॉटलने नागरिक कोण याचं उत्तर दिलंय ते साधारण असं की जो आळीपाळीने राज्य करतो आणि स्वतःवर राज्य करवूनही घेतो तो. मला यातलं 'आळीपाळीने' फार आवडतं. राजकारण म्हणजे कुणाची तरी हुशारी किंवा कुणाचा तरी हलकटपणा असंच आपण धरून चालतो, ते कचरा बाहेर ठेवण्यासारखं आपल्या वाट्याला येणारं काम असू शकतं हे डोक्यातच येत नाही.

तर मिनिट्स. मीटिंगमध्ये कोण काय म्हणालं ते लिहायचं, एवढंच काम, कुणी लक्षही देत नाही त्याच्याकडे. पहिलाच मोठा विषय लिफ्टच्या दुरुस्तीचा. तळमजल्यावरचे काका उभे राहिले, रिटायर्ड हेडक्लार्क, खिशाला अजून लाल पेन, आणि म्हणाले आम्ही लिफ्ट वापरत नाही तर आम्ही सारखे पैसे का द्यायचे. काकांचं आणि माझं राजकारण दोन टोकांचं आहे. ग्रुपवर त्यांचे लांबलचक फॉरवर्ड येतात, ते मी उघडतही नाही. मी पाचव्या मजल्यावर राहते. म्हणजे त्यांचं म्हणणं मला पक्षाच्या हिशोबानेही पटत नव्हतं आणि गुडघ्यांच्या हिशोबानेही. घरी बसून लिहिलं, 'तळमजल्यावरील सभासदांनी खर्च देण्यास नकार दिला.' दुसऱ्या दिवशी कच्चा कागद घेऊन खाली गेले, काकांनी चष्मा चढवला, ओळ न् ओळ वाचली, लाल पेन काढलं आणि म्हणाले, "अगं, नकार कुठे दिला मी? मी कारण विचारलं. टाकी गच्चीवर आहे, तिचा माणूस आणि सामान लिफ्टनेच जातं, तेवढा वाटा देतो म्हटलं होतं ना मी?" म्हटले होते. माझ्या वहीत ते होतंही, कडेला, बारीक अक्षरात.

ज्या माणसाचं मला पटत नाही त्याचं म्हणणं अशा शब्दांत लिहायचं की त्याने खाली सही केली पाहिजे, यापेक्षा अवघड व्यायाम मला आजवर कुठल्या अ‍ॅपने दिलेला नाही. त्यात खोटं कौतुक चालत नाही, तिरकस शब्द चालत नाही, 'असे त्यांचे म्हणणे' असं लिहून नाक मुरडता येत नाही. आणि लिहिता लिहिता एक भयंकर गोष्ट होते, त्याचा मुद्दा समजायला लागतो. तो पटतोच असं नाही. लिफ्टच्या बाबतीत मला अजूनही वाटतं सगळ्यांनी सारखे पैसे द्यावेत. पण रात्री टाकी ओव्हरफ्लो होऊन जिन्यातून पाणी आलं तेव्हा गच्चीवर टॉर्च घेऊन आम्ही दोघंच होतो, बॉलकॉकचा दांडा वाकून भिंतीला अडकला होता, काका बाही वर सारून हात घालून तो सोडवत होते आणि मधेच मला पंतप्रधानांबद्दल ऐकवत होते, आणि मी "काका, आधी व्हॉल्व्ह" एवढंच म्हणत होते.

आयुष्याला अर्थ वगैरे म्हणतात तो यात आहे का, मला माहीत नाही, तेवढा मोठा शब्द टाकीवर लादायला नको. सकाळी सातला बेल वाजते, दारात कुणीतरी म्हणतं पाणी नाहीये, तेव्हा मी कोण, माझं पर्पज काय, हा प्रश्न त्या माणसाला पडलेला नसतो आणि मग मलाही पडत नाही. काम कंटाळवाणं आहे, शिव्या जास्त, स्ट्रीक वगैरे काही नाही.

आणि हो, 'आधी आपल्या गल्लीपासून सुरुवात करा' असं म्हणणाऱ्या लोकांची मला मनापासून चीड आहे, तर माझं लिखाण त्यांच्या खात्यात जमा करू नका. मजुरीचे कायदे, युद्धं, कुणाला तुरुंगात किती वर्षं सडवायचं, यातलं काहीही सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरत नाही, आणि ज्यांचं मोठ्या राजकारणात बरं चाललंय त्यांनाच छोटं राजकारण गोजिरवाणं वाटतं. शिवाय छोटं म्हणजे स्वच्छ, हाही एक गोड गैरसमज. आमच्याकडे टाकी, लिफ्ट, रंगकाम कशालाही कोरम भरत नाही, अर्धा तास थांबून सभा परत सुरू करावी लागते. पण फ्लॅट कुणाला भाड्याने द्यायचा नाही, कुठल्या आडनावाच्या लोकांना, एकट्या राहणाऱ्या पोरींना, हा विषय आला की खुर्च्या कमी पडतात. टीव्हीवर जे लोक सभ्य वाटतात तेही तिथे मोकळे होतात, कारण तिथे आपलीच माणसं असतात ना. देशाचं राजकारण नेमकं कुठून तयार होऊन वर जातं हे बघायचं असेल तर त्या दिवशी येऊन मागच्या रांगेत बसा.

हा ठराव आला, मी विरोध केला, अजून दोन हात वर झाले, बाकी सगळे बाजूने, काकासुद्धा. ठराव पास. मिनिट्स लिहायला घेतले तेव्हा माझा हात इतका रागाने चालत होता की स्वतःच्या विरोधाबद्दल मी एकच ओळ लिहिली, 'सेक्रेटरींनी विरोध नोंदवला', आणि कागद काकांसमोर ठेवला. त्यांनी नेहमीसारखं सगळं वाचलं, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि माझ्या ओळीखाली लाल रेघ मारली.

"कारण लिही," म्हणाले. "नुसता विरोध काय? उद्या कुणी कोर्टात गेलं, कुणी विचारलं, तर कागदावर काय सापडणार?"

मी कारण लिहिलं, चांगलं अर्धं पान. त्यांनी ते वाचलं, मान हलवली, "मला नाही पटत हे," म्हणाले, आणि खाली सही केली. विषय मी पुढच्या अजेंड्यावर परत घातलाय, चौथ्या नंबरला, लिफ्टच्या आधी, म्हणजे लोक उठून जायच्या आत येईल.